मॅडमचं शून्य

फोन पुरुषानं उचलला, तेव्हाच खरं तर तिनं सावध व्हायला हवं होतं. पण सोमवारची सकाळ, अकरा वाजून वीस मिनिटं, टेबलावर परवाच्या समारंभाची ढाल कागदात गुंडाळून ठेवलेली, आणि डोक्यात एकच गोष्ट, की अकरा नंबर वॉर्डाच्या सिस्टरला ढाल मिळाल्याची बातमी आपण स्वतः द्यायची. शिपायाकडून नाही, पत्रानं नाही. शहराच्या आरोग्य खात्याची प्रमुख स्वतः फोन करते, ही तिची जुनी खोड होती, पहिल्या शहरात असल्यापासूनची. छत्तीस वॉर्डांच्या छत्तीस सिस्टर आपण नुसत्या आवाजावरून ओळखतो असं ती चारचौघांत सांगायची आणि थोडं कौतुकही करून घ्यायची. “सिस्टरना द्या जरा,” ती म्हणाली. “ती नाहीये,” माणूस म्हणाला. “कधी येतील?” पलीकडे बारीक चाकावर काच घासल्यासारखा आवाज येत होता, तो थांबला. “मॅडम, मी तिचा नवरा. ती वारली. साडेचार महिने होतील आता.” आणि यावर, तीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या, कितीतरी लोकांना त्यांच्या माणसाच्या मृत्यूची बातमी हातात हात घेऊन सांगितलेल्या ह्या बाईच्या तोंडून जे निघालं ते असं: “मग अहवाल कोण पाठवतं?”

तो म्हणाला, “कसला अहवाल?” तिनं फोन ठेवून दिला. ठेवल्यावर कळलं की आपण उभ्या आहोत. कधी उठलो ते कळलंच नाही. साडेचार महिने म्हणजे एकोणीस सोमवार. हिशेब आपोआप झाला, तिच्या डोक्यात तो नेहमीच आपोआप होत असे, आणि एरवी तिला त्याचा अभिमान होता. आत्ता मात्र तिला स्वतःची शिसारी आली. बाई मेली म्हणून नवरा सांगतोय आणि आपण अहवाल विचारतोय. पुन्हा फोन लावून ‘ऐकून वाईट वाटलं’ म्हणावं, तर ते आता कुठल्या तोंडानं म्हणायचं? तिनं सिस्टरचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. चेहरा येईना. ठेंगणी होती की उंच? चष्मा होता का? नुसता आवाज आला, जरा नाकातला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बरं मॅडम’ म्हणणारा. ढालीवरचा कागद एका कोपऱ्यात फाटला होता आणि आतलं पितळ दिसत होतं. ‘सलग एकशे चार आठवडे शून्य रुग्ण.’ कोरून झालं होतं, पॉलिश झालं होतं. बुधवारी शहर गोवरमुक्त जाहीर व्हायचं होतं. सगळ्या शहराचे बावन्न आठवडे कोरडे गेले होते, पण अकरा नंबरची तर पुरी दोन वर्षं. त्यातले एकोणीस आठवडे एका मेलेल्या बाईनं पाठवले होते.

आकडेमास्तर सफरचंद सोलत बसले होते. खात्याचे सगळे तक्ते ज्याच्या हातात त्या माणसाला सगळे आकडेमास्तरच म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. साल एकसंध निघाली पाहिजे असा त्यांचा रोजचा पण असे. मॅडम स्वतः आपल्या खोलीत आल्या हे बघून त्यांनी सुरी घाईघाईनं कागदाखाली सरकवली. “अकरा नंबर?” ते म्हणाले. “येतंय की नियमित. एक सोमवार चुकलेला नाही. त्यांच्यासारखे सगळे असते तर मी केव्हाच काशीला गेलो असतो.” “पण पाठवतं कोण?” “कोण म्हणजे? येतं.” तिनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली. पडद्यावर छत्तीस घरं होती. सव्वीस भरलेली, दहा कोरी. कोऱ्यांमध्ये अकरा नंबर. बाराला सात मिनिटं कमी होती, मग पाच, तेवढ्यात आणखी एक घर भरलं. आकडेमास्तर काहीबाही बोलत होते, बुधवारच्या मांडवाबद्दल, पाहुण्यांच्या गाडीबद्दल. ती हूं हूं करत होती. बारा वाजले आणि कसलाही आवाज न होता उरलेल्या नऊही घरांत एकदम शून्य आलं. “आलं बघा,” आकडेमास्तर म्हणाले. ती म्हणाली, “आलं नाही. भरलं.” त्यांना फरक कळेना. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की मॅडमना बरं नाही की काय. “मॅडम, नियमच आहे ना तो. बाराला जे कोरं ते शून्य. तुमचंच परिपत्रक आहे.” आणि भला माणूस, तिला आठवण व्हावी म्हणून फाईल काढायला उठलासुद्धा.

फाईल कशाला हवी होती? तिला तर तो दिवस जसाच्या तसा दिसत होता. पहिलं शहर. ती चौतिशीची, खात्याची सगळ्यात लहान प्रमुख, कानामागून आली अन् तिखट झाली असं मागे बोललं जायचं आणि तिला ते माहीत होतं. भिंतीवर शहराचा नकाशा. ज्या वॉर्डात रुग्ण तो लाल, ज्यात नाही तो हिरवा, आणि ज्याचा अहवालच नाही तो पांढरा. दर सोमवारी निम्मा नकाशा पांढरा. कुणाची सायकल बिघडलेली, कुणाकडे फॉर्म संपलेले, कुणी म्हणे रुग्णच नाहीत तर काय कप्पाळ पाठवायचं. एका बैठकीत वरिष्ठांनी त्या पांढऱ्यावर पेन्सिल आपटली. “डॉक्टर, हे काय आहे? हे कोड फुटलंय का तुमच्या शहराला?” सगळे हसले. तीही हसली, आणि घरी येऊन रडली. शिकताना पहिल्याच वर्षी त्यांच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी फळ्यावर दोन चौकोन काढले होते, एकात शून्य, एक कोरा, आणि विचारलं होतं की दोन्हींत फरक काय. तिनंच हात वर केला होता. कोरं म्हणजे माहीत नाही, शून्य म्हणजे माहीत आहे की काही नाही. शाबासकी मिळाली होती. सगळं ठाऊक होतं तिला! अडाण्यानं केलेली चूक नव्हती ती. तिनं विचार केला तो असा, की कोरं राहिलं तर आपण शून्य धरू, म्हणजे ज्याच्याकडे रुग्ण आहेत तो चिडून धावत येईल आणि म्हणेल की अहो, माझ्याकडे चार आहेत. खोट्याचा धाक दाखवून खरं वसूल करायचं. पंधरा दिवसांपुरतं. आणि खरंच, पहिल्या सोमवारी तिघंजण धावत आले. दुसऱ्या सोमवारी एक. तिसऱ्यापासून कुणी आलं नाही, आणि नकाशा हिरवागार झाला. तो इतका सुरेख दिसायला लागला की पंधरा दिवस कधी संपले ते कुणी विचारलंच नाही. तिनंही नाही. शंभर टक्के अहवाल मिळवणारी बाई म्हणून तिचं नाव झालं, दुसऱ्या मोठ्या शहरानं बोलावून घेतलं, मग ह्या तिसऱ्यानं. प्रत्येक ठिकाणी सामानाबरोबर तो नियमही गेला. इथं तर त्याला यंत्राची जोड मिळाली. घड्याळ लावल्यासारखा चालत होता तो.

“पण वारल्या हे कुणालाच कळवलं नाही का?” ती म्हणाली. आकडेमास्तरांनी आस्थापनेच्या टेबलाला फोन लावला. ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कळवलं होतं तर. नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी येऊन अर्ज दिला होता, पोच घेतली होती. पगारपत्रकातून नाव लगेच कमी केलं होतं, जागा रिकामी दाखवली होती, अतिरिक्त कार्यभार बारा नंबरच्या सिस्टरकडे दिला होता. ती दर गुरुवारी अकराच्या दवाखान्यात येऊन जी मुलं येतील त्यांना लस टोचून जायची. अकराचा अहवाल वेळेवर मिळतोय असं तिला दिसत होतं, म्हणून तिला वाटलं कुणीतरी दुसरं पाठवतंय. कुणाची चूक काढणार? प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं होतं. आकडेमास्तर खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, हे काही बरं झालं नाही. पण रुग्ण असते तर कुठून तरी कळलंच असतं ना?” तिला ह्या वाक्याचा आधार हवाहवासा वाटला. कळलंच असतं. इतक्या शहरात, इतके दवाखाने. तिनं ते वाक्य मनात दोनदा म्हटलं, आणि मग, आधार पक्का करून घ्यावा म्हणून, सांगितलं की त्या वारल्या त्याच्या आधीचे आठवडे दाखवा, स्वतः पाठवलेले.

ते आठवडेही शून्यच होते. हुश्श व्हायला हरकत नव्हती. फक्त मृत्यूच्या आधीच्या आठवड्यातल्या शून्याला एक चांदणी होती. “ही कसली?” “दुरुस्ती झाली की येते.” त्यांनी चांदणीवर दाबलं. मूळ आकडा: तीन. दुरुस्त आकडा: शून्य. दुरुस्ती करणार: आरोग्यप्रमुख. तिला वाटलं दुसरंच कुणीतरी असणार. खात्याला आरोग्यप्रमुख एकच होती. ती त्या शब्दांकडे बघत बसली आणि आतून, अगदी खोलातून, तो नाकातला आवाज वर यायला लागला. ऑफिसात नाही, गाडीत फोनवर ऐकलेला. ती कुठल्याशा उद्घाटनाला निघाली होती, खिडकीच्या काचेवर धूळ होती, मांडीवर भाषणाचा कागद होता. “सिस्टर, तीन कुठून आणलेत? नमुने घेतलेत का? ... मग नमुन्याशिवाय गोवर कसा लिहिलात? पुरळ काय, उन्हानंही येतं. आपली व्याख्या काय आहे? ताप, पुरळ, आणि रक्ताचा नमुना. तुमचं चौऱ्याऐंशी आठवड्यांचं काम आहे, असं एका घाईत नका घालवू. नमुने घ्या, मग बोलू. तोवर मी शून्य करते.” बाकी सगळं जाऊ दे, ते ‘चौऱ्याऐंशी आठवड्यांचं काम’ हे शब्द तिला आता तिच्याच आवाजात ऐकू आले तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे तेव्हाही आपण आठवडेच मोजत होतो. पोरं तीन होती, ती नाही मोजली. आणि पलीकडून काय आलं होतं? “मॅडम, मी पोरं बघितलीत. डोळे लाल आहेत.” मग, “बरं मॅडम.” तीस वर्षांत ‘बरं मॅडम’ तिनं किती हजार वेळा ऐकलं असेल, त्याचे निरनिराळे अर्थ असतात हे तिला कधी सुचलं नव्हतं. पाच दिवसांनी त्या बाईच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो काही फोनमुळे नाही, ती डॉक्टर होती, तिला तेवढं कळत होतं. पण नमुने घ्यायला कुणी उरलं नव्हतं, आणि यंत्रानं भरलेल्या पहिल्या शून्याच्या आधीचं शून्य यंत्राचं नव्हतंच.

आपल्या खोलीत परत येऊन तिनं दार लावून घेतलं. पंखा फिरत होता, समारंभाच्या पत्रिकांची चळत फडफडत होती. तिला एकदम पहिल्या शहरातले टाचणीकाका आठवले, तिथले हेड क्लार्क. प्रत्येक कागदाला टाचणी लावल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. निवृत्त झाले तरी कंत्राटावर अजून तिथंच होते. तिनं फोन लावला. “मॅडम! सूर्य कुठे उगवला आज?” म्हातारा हर्षभरित झाला. तिनं विचारलं, काका, तो बाराचा नियम अजून आहे का हो तिकडे? “आहे म्हणजे! आम्ही त्याला मॅडमचं शून्यच म्हणतो. नवी पोरं विचारतात, हे घर कोरं आहे, काय करू? मी म्हणतो, मॅडमचं शून्य टाक आणि जेवायला जा.” ते मनापासून हसले. तिनं हसल्यासारखं केलं. “आणि टेकडीवरचा दवाखाना कसा चाललाय?” “टेकडीवरचा? अहो, तो बंद होऊन चार वर्षं झाली. छप्पर पडलं ना.” “मग त्याचा अहवाल?” “शून्य,” काका म्हणाले, आणि इतक्या वेळानं त्यांना विचारणारीचा आवाज जाणवला असावा. “मॅडम, काही झालंय का? ... आता तुम्हाला म्हणून सांगतो. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. पण तुम्ही इतक्या हुशार. आम्हाला वाटलं, ह्यात काहीतरी शास्त्र असेल.” तिला म्हाताऱ्याचा राग आला, भयंकर राग आला, आणि तो अर्ध्या मिनिटात जिथून निघाला होता तिथेच परत आला. तीन शहरं. आणि ज्यांनी तिची भाषणं ऐकून नियम उचलला ती वेगळी. नकाशातला कुठला हिरवा खरा आणि कुठला छप्पर पडलेला? तिनं स्वतःची नाडी धरली, सवयीनं, आणि मोजता मोजता सोडून दिली. मोजायचंसुद्धा नको वाटलं.

आयुक्त तिच्याहून वीस वर्षांनी लहान होते आणि तिला मान देत. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मधे बोलले नाहीत. मग खिडकीशी गेले. “डॉक्टर, एका वॉर्डाचा प्रश्न आहे. रुग्ण आहेत असंही आपल्याला माहीत नाही.” “नाहीत असंही माहीत नाही, साहेब.” “बरोबर. मग जे माहीतच नाही त्याच्यासाठी बुधवार मोडायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही आज पाचपर्यंत जाहीरनाम्यावर सही द्या, बुधवार होऊ दे, गुरुवारपासून माणसं लावून अकरा नंबर पिंजून काढा. काही सापडलं तर ‘नवीन’ म्हणून सापडेल. कुणाचंच नाव जाणार नाही.” ते वाईट बोलत नव्हते. ते अगदी तिच्यासारखं बोलत होते, गाडीतल्या तिच्यासारखं. तोवर शून्य करते, मग बोलू. तिला त्यांच्या तोंडात स्वतःचं वाक्य दिसलं. “तुमचं हे शेवटचं वर्ष,” ते मऊपणानं म्हणाले. “असा निरोप नका घेऊ.” तिनं जाहीरनाम्याचा कागद पर्समध्ये ठेवला. विचार करते, म्हणाली. आणि खरंच जिन्यावरून उतरताना ती विचार करत होती. वाटत होतं, तसंही चालेल. दोन दिवसांनी काय मोठं बिघडतं? एकोणीस आठवडे गेले, त्यात दोन दिवस. हे वाटत होतं तेही तिनं स्वतःला लपवलं नाही. गाडीवाल्याला सांगितलं, अकरा नंबर.

सिस्टरचा नवरा चष्मेवाला होता. दुकान जेमतेम दोन माणसं मावतील एवढं, भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, काउंटरवर काच घासायचं चाक. साठीचा, शांत, हाताला पांढरी भुकटी लागलेला माणूस. तिनं आधी म्हणायचं ते आता म्हटलं, चुकत, अडखळत. सकाळी मी फार वाईट बोलले, माफ करा. तो म्हणाला, “छे हो मॅडम, कामाच्या गडबडीत होतं माणसाचं.” तिला बसायला स्टूल दिलं, स्टुलावरची धूळ स्वतःच्या बाहीनं पुसली. माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “सकाळी मी त्यांच्याच नंबरवर फोन केला आणि तुम्ही उचललात.” “हो, तो फोन मी चालू ठेवलाय. पोरांच्या आया अजून त्यावर करतात ना, लस कधी, ताप आला काय देऊ. मला येतं तेवढं सांगतो. गुरुवारी या म्हणतो. जास्त असेल तर पुलापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणतो.” पूल म्हणजे शहराची हद्द. पलीकडे दुसरी नगरपालिका, दुसरा तक्ता. तिला उत्तर मिळालं होतं, आकडेमास्तरांच्या ‘कळलंच असतं’ला. “आणि मॅडम,” तो म्हणाला, “तुमच्या ऑफिसचे आभार मानायचे राहिले. तो मेसेज.” “कुठला?” त्यानं ड्रॉवरमधून बायकोचा फोन काढला, रुमालात गुंडाळलेला, आणि तिच्यापुढे धरला. ‘वॉर्ड अकरा. रुग्ण शून्य. अहवाल मिळाला. आपल्या तत्पर सेवेबद्दल धन्यवाद.’ आजचा, बारा वाजताचा. त्यानं अंगठ्यानं वर सरकवलं. गेल्या सोमवारचा. त्याच्या आधीच्या सोमवारचा. एकाखाली एक, तेच शब्द. “वाचायला यायचं, पण आकड्याचं काय ते मला कळायचं नाही,” तो म्हणाला. “मला वाटलं, तिनं इतकी वर्षं काम केलं, तर तुम्ही लोक आठवण म्हणून दर सोमवारी पाठवता. बाराला मी चाक थांबवतो. मेसेज आला की पुन्हा सुरू करतो.”

तिला रडू आलं नाही. रडू यायला आधी धक्का संपावा लागतो, आणि सकाळपासून एक धक्का संपायच्या आत दुसरा बसत होता. हे त्याला सांगायचं की नाही? सांगितलं तर त्याचे एकोणीस सोमवार काढून घेतल्यासारखं होईल. न सांगावं, तर आणखी एक शून्य. तिनं सांगितलं. माणसानं पाठवलेले नाहीत ते, यंत्र पाठवतं, सिस्टर गेल्याचं त्याला ठाऊकच नाही. तो फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, “असं होय.” तिथंच स्टुलावर बसून तिनं आयुक्तांना फोन लावला. “साहेब, मी सही करत नाही. बुधवार रद्द करा.” “डॉक्टर, तीस वर्षांचं काम आहे तुमचं.” “हो ना,” ती म्हणाली, “तेच तर आता कोऱ्यात काढायचंय. तिन्ही शहरांना पत्र आज जाईल.” ते आणखी बोलत होते, तिनं कानाचा फोन खाली घेतला, बंद केला, आणि चष्मेवाल्याला विचारलं की पुरळ आलं म्हणून कुणाकुणाचे फोन आले ते आठवतंय का. आठवायची गरज नव्हती. बायकोची शिस्त त्यानं मोडली नव्हती, चष्म्यांच्या पावत्यांच्या मागे नोंदी होत्या, घर कुठलं तेवढं. बावीस पावत्या. तो दुकानाचं दार ओढून घेऊन बरोबर निघाला. म्हणाला, घरं तुम्हाला सापडणार नाहीत.

पहिल्या दोन घरांत मुलं बरी झाली होती. अंगावर पुरळ गेल्याचे तपकिरी डाग, एकाला अजून खोकला. “उष्णतेचं होतं म्हणे,” एक आई म्हणाली. औषधवाल्यानं मलम दिलं होतं. डॉक्टरनं मुलाची खालची पापणी ओढून बघितली, गालाच्या आत बॅटरी मारली, आणि तिचे हात, जे गेली कित्येक वर्षं फक्त सह्या करत होते, त्यांना सगळं आठवत होतं. ह्याचंच तिला नवल वाटलं, आणि वाईटही. तिसरं घर गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या जिन्यावरून वर. एक बाई बादलीत कपडे भिजवत होती. चष्मेवाला दारातच थांबला. “ह्या मोठ्या डॉक्टर आहेत,” तो म्हणाला, “ऑफिसातून आल्यात.” बाई हात पुसत उभी राहिली. तिशीची असेल. खोली लहान, नीटनेटकी, एका खिळ्याला लहान मुलीचा फ्रॉक इस्त्री करून टांगलेला. डॉक्टरनं तो पाहिला आणि मुलगी दिसते का म्हणून खोलीभर नजर फिरवली. “नाही ती,” बाई म्हणाली. “पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेली होती. छातीत कफ झाला म्हणाले. गेली तिथंच.” ती सरळ बोलत होती, पुष्कळदा सांगून झाल्यासारखी. “सिस्टर आल्या होत्या तेव्हा. त्यांनी ओळखलं होतं बघा. गोवरच म्हणाल्या. ह्या गल्लीतली तीन पोरं लिहून नेली, माझीचं नाव पहिलं. म्हणाल्या, वर कळवते, तिथून डॉक्टर येतील, औषधं येतील, बाकीच्या पोरांना सुया देतील. मग त्याच वारल्या. म्हटलं, कळवायचं राहूनच गेलं असेल बिचारीचं.”

चष्मेवाल्यानं मान खाली घातली. डॉक्टरला कळलं की आपण गप्प राहिलो तर हे असंच राहील. मेलेल्या बाईच्या नावावर, तिच्या नवऱ्यासमोर. कुणी विचारणार नव्हतं. “राहिलं नव्हतं,” ती म्हणाली. “त्यांनी कळवलं होतं. तीन लिहिलं होतं. मी खोडलं.” “का?” असं बाईनं विचारलं, आवाज न चढवता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. डॉक्टरनं तोंड उघडलं. व्याख्या, नमुने, आठवडे, सगळं जिभेवर तयार होतं, आणि ह्या खोलीत त्यातलं एकही बोलता येईना. “मला ते नको होतं म्हणून,” ती म्हणाली. तिच्या हातात एक न वापरलेली पावती होती, कोरी बाजू वर, आणि पेन होतं. “नाव सांगा तिचं,” ती म्हणाली. “वय, तारीख. मी आत्ता लिहिते.” खालून कुठूनतरी लहान मूल खोकल्याचा आवाज आला, कोरडा, न थांबणारा. बाईनं कान दिला. मग ती पुढे आली आणि डॉक्टरच्या हातातला कागद तिनं हलकेच बाजूला केला.

“हा खोकतोय तो खालच्या घरातला. दीड वर्षाचा आहे, परवापासून तापात. आधी तिथं जा,” ती म्हणाली. “माझीचं मागाहून लिहिलंत तरी चालेल. तिला आता कसली घाई आहे.”

डॉक्टर जिन्याकडे वळली आणि धावायला लागली.